पेटी क्रमांक एक



संयोजकांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. एक, वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. दुसरी, आमच्या चहाच्या ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर ती जाहिरात होईल. फौजेत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला सूचना पाळायची सवय असते. शिवाय नाव घ्यायचा अधिकारही माझा नाही. व्यवसाय ज्यांच्या नावावर आहे त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांचा स्टोअरकीपर. तुम्ही हसताय, पण कागदोपत्रीही तसंच आहे. मी कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मग स्टोअरकीपर झालो, ते कसं, तेवढंच सांगायला आलोय.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या घरी चहा म्हणजे मोठं पातेलं, गूळ, दूध, आणि चुलीवर काळाकुट्ट होईपर्यंत उकळणं. ही बडोद्याची, दांडिया बाजारातली. गायकवाडांच्या काळापासून तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी एक. तिच्या वडिलांना चहा उकळलेला चालायचा नाही. आधण आलं की गॅस बंद, मग पत्ती, वर झाकण, आणि घड्याळ लावून चार मिनिटं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तो कप हातात घेतला आणि मनात म्हटलं, या माणसांकडे पावडर संपलेली दिसते.

१९८६ साली लग्न झालं. पुढच्या सत्तावीस वर्षांत हिनं सतरा घरं मांडली. फौजी कुटुंबं इथे असतील तर त्यांना त्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका आणि लाकडी पेट्या ठाऊक असतील. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव, रँक आणि क्रमांक. आमची पेटी क्रमांक एक चहाची होती. त्यात स्टोव्ह, पातेलं, गाळणी, साखर, पत्तीचा डबा आणि दोन मग. ट्रक कुठल्याही गावी रिकामा होवो, पहिली तीच उघडायची. बाकीचं सामान दारात पडलेलं असायचं आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून चहा प्यायचो. निम्मा तिच्या पद्धतीचा, निम्मा माझ्या. म्हणजे तिचा कप आधी ओतायचा, आणि उरलेला माझ्यासाठी परत उकळायचा. चार वाजताचा चहा आम्ही एकत्र असताना चुकला नाही. अपवाद दोनच दिवसांचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

१९९३ मध्ये माझी बदली बिन्नागुडीला झाली. उत्तर बंगालमधला जलपाईगुडी जिल्हा, डुआर्सचा भाग. छावणीच्या चारी बाजूंना चहाचे मळे. मी ईएमईचा, म्हणजे फौजेच्या यंत्रांचा डॉक्टर. शेजारच्या मळ्याच्या फॅक्टरीत मशिनं कशी चालतात ते बघायला एका रविवारी गेलो, हिलाही बरोबर नेलं.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा सीटीसी यंत्रातून येतो. क्रश, टेअर, कर्ल. दोन दातेरी रोलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं फिरतात, आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या सुमारे दहापट असतो. त्यामुळे पान नुसतं चिरडलं जात नाही, ते फाटतं आणि गोळी होऊन बाहेर पडतं. १९३०च्या दशकात आसाममध्ये ही पद्धत निघाली आणि हिंदुस्थानच्या चहाचा चेहराच बदलला. दाणा बारीक, म्हणून रंग लगेच उतरतो, दूध घातलं तरी चव मरत नाही, आणि एका किलोत कप जास्त निघतात. त्याआधी पान बारा-पंधरा तास सुकवतात, नंतर हवेवर ठेवून तांबूस होऊ देतात, शेवटी भट्टीत वाळवतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो चहा होतो आणि त्यात ओलावा जेमतेम तीन टक्के उरतो. हे तीन टक्के लक्षात ठेवा. इतकी कोरडी वस्तू आजूबाजूचं सगळं शोषून घेते. पाणी तर घेतेच, वासही घेते.

मी रोलरपाशी रमलो आणि ही टेस्टिंगच्या खोलीत गेली. पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकासाठी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास पत्ती वजन करून, उकळतं पाणी, पाच मिनिटं. मग चमच्यानं घोट घेऊन जोरात भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. भुरका हवेसाठी असतो, म्हणजे वास घशातून नाकात चढतो. लहानपणी भुरका मारला म्हणून आईचा मार खाल्लेली बाई तिथे मोकळेपणी भुरके मारत होती. मी पोहोचलो तेव्हा तिनं तिसऱ्या कपावर बोट ठेवून म्हटलं, "हा जरा करपलाय का हो?" फॅक्टरीचा माणूस हसला. त्या लॉटच्या वेळी भट्टीचं तापमान वर गेलं होतं, ते त्याला माहीत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं ती जमेल तेव्हा त्या खोलीत जायची. रसायनशास्त्रात बी.एस्सी., सयाजीराव विद्यापीठाची. तीन ठिकाणी शाळेत शिकवायला लागली आणि तिन्ही वेळा माझ्या बदलीमुळे नोकरी सोडली. एकदा तर वार्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर. हे तेव्हा मला फार मोठं वाटलं नव्हतं, असं प्रामाणिकपणे सांगतो. सगळ्यांच्याच बायकांचं तसं व्हायचं.

नंतर मी एकटा लेहला होतो. साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. चहा पांढराफटक व्हायचा. मी पत्रात रडगाणं गायलं. उत्तर आलं, कुकरमध्ये करा, दाब वाढला की पाणी जास्त तापेल. सोबत अर्धा किलो आसाम. आमच्या लंगरच्या स्वयंपाक्यांना कुकरचा चहा आधीपासून माहीत होता, अडाणी मीच होतो.

२०१३ मध्ये निवृत्त होऊन बडोद्याला आलो. २०१५ मध्ये धंदा सुरू केला. कल्पना तिची, चार लाख रुपये माझ्या निवृत्तीच्या पैशातले. खाद्यपदार्थाची नोंदणी केली, वजनकाटा आणला, पाकिटं सील करायचं मशीन घेतलं. सिलिगुडीच्या एका व्यापाऱ्याकडून नमुने मागवले. लिलावात आपण थेट उतरू शकत नाही, तिथे नोंदणीकृत खरेदीदार लागतात आणि एकेका लॉटमध्ये पोत्यांची रास असते. आमच्यासारख्यांना मधला माणूस लागतोच.

पहिला माल कुठला घ्यावा? आम्ही दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश घेतला, मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीचा. आमचं प्रेम त्याच्यावर. तो फुलासारखा चहा, रंग फिका सोनेरी. आठवड्यात फोन आला, "बेन, आ चामां रंग नथी आवतो." त्या बाईंनी तो दूध, आदू, फुदिना घालून दहा मिनिटं उकळला होता. दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, ही भूकी वापरलेली आहे का? बडोद्यात पत्तीला भूकी म्हणतात. सोळा किलो पडून राहिला. वर्षभर तो आम्हीच प्यालो आणि पाहुण्यांना पाजला.

तेव्हा हिनं जे केलं त्याला मी मानतो. ती पंधरा-वीस घरांत जाऊन बसली. ओळखीच्या, शेजारच्या, त्यांच्या ओळखीच्या. म्हणाली, मला काही विकायचं नाही, तुम्ही चहा कसा करता ते बघायचंय. दूध किती, साखर कधी, किती वेळ उकळता, पाणी नळाचं की फिल्टरचं. जड पाण्यात चहाचा रंग मळकट होतो आणि वर तवंग येतो, ते तिनं तिथेच ओळखलं. परत येऊन मिश्रण करायला बसली. कडकपणासाठी आसाम सीटीसी, रंगासाठी डुआर्स, आणि वासासाठी थोडा लांब पानाचा ऑर्थोडॉक्स. वहीत अकरा प्रयोग आहेत. अकरावा आजही विकतो. प्रमाण मला माहीत आहे, पण सांगितलं तर घरी जाता येणार नाही.

ते मिश्रण चाललं. आणि ते चाललं म्हटल्यावर मी कामाला लागलो. इथून पुढचं जरा लाज वाटणारं आहे.

मी भिंतीवर तक्ता लावला. मासिक लक्ष्य, साप्ताहिक आढावा. पाकीट बांधण्याची कार्यपद्धती टाइप करून लॅमिनेट केली. दोन मदतनीस बायका यायच्या, त्यांना मी नऊला दोन मिनिटं कमी असताना हजर राहायला सांगायचो. व्यापाऱ्याशी फोनवर मीच बोलायचो. गिऱ्हाइकाला "आमचा चहा" म्हणून सांगायचो तेव्हा ही शेजारी उभी असायची. ती एकदा म्हणाली, "अहो, हे युनिट नाही." मी हसण्यावारी नेलं.

२०१६च्या जुलैमध्ये मुलीचं बाळंतपण होतं, हैदराबादला. ही तीन आठवडे तिकडे गेली. जाताना सांगून गेली, पावसाळ्यात नवीन माल घेऊ नका. माडीवरच्या खोलीत तिनं जमिनीपासून वर फळ्या मारून घेतल्या होत्या, तिथे जेमतेम तीन पोती मावतात. ती गेली आणि चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन. आठ पोती घेतली तर किलोमागे अकरा रुपये कमी. पस्तीस किलोचं पोतं, म्हणजे दोनशे ऐंशी किलो. हिशोब केला, तीन हजारांच्या वर वाचत होते. मी हो म्हटलं. तिला फोन करून विचारलं नाही. ती नातीत रमली असेल, कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की ती नाही म्हणाली असती.

तीन पोती माडीवर ठेवली, पाच खाली गॅरेजमध्ये. गॅरेज कोरडं होतं. मी ओलाव्याचं मीटर लावून तपासलं होतं, इंजिनिअर माणूस. गॅरेजच्या मागच्या भिंतीला आमच्या काळ्या ट्रंका रचलेल्या होत्या. पोती त्यांच्यावरच ठेवली, जमिनीचा संबंध नको म्हणून.

ही परत आली त्या दिवशी चार वाजता चहा केला. एक घोट घेतला, कप खाली ठेवला. मग डबा उघडून नाक आत घातलं.

"ही भूकी कुठे ठेवली होती?"

"वर. तुझ्या खोलीत."

"ही वरची नाही."

ती उठली आणि सरळ गॅरेजमध्ये गेली. मी मागे. पोत्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खालच्या ट्रंकेची कडी काढली. आत माझे युनिफॉर्म, ग्रेटकोट, बेरे. आणि डांबराच्या गोळ्या, मूठमूठभर, मी स्वतःच टाकलेल्या.

मी दोन कप प्यालो. मला काही म्हणजे काही लागलं नाही. वीस वर्षं सिगारेट ओढलेली जीभ माझी. मी म्हटलं, कोणाला कळतंय, लोक आदू घालतात, फुदिना घालतात. मी म्हटलं, तुझं नाक जरा जास्तच तिखट आहे. आणि शेवटी, हे शब्द मला आजही आठवतात, मी म्हटलं, "निर्णय झालाय. माल जाणार."

ती आवाज चढवत नाही. कधीच चढवत नाही. म्हणाली, "सतरा वेळा तुमच्या ट्रंका मी भरल्या. प्रत्येक वेळी तुमचं सामान बसलं की मग माझं काय राहिलं ते बघितलं. मला एक काम असं हवं होतं की ज्यात तुमची ट्रंक नाही."

मग दोन दिवस चार वाजता तिनं माडीवर स्वतःपुरता चहा केला. मी खाली माझा. हाच तो अपवाद.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीनं गेलो. म्हटलं, चाचणी घेऊ. पाच कप, त्यातले दोन गॅरेजच्या मालाचे, कपाच्या तळाला खूण. कप शेजाऱ्यांनी लावायचे, म्हणजे मलाही माहीत नको. तीन फेऱ्या. मला खात्री होती की ती निदान एकदा चुकेल. तिन्ही वेळा तिनं दोन्ही कप बाजूला काढले. तरी मी म्हटलं असतं की तू तज्ज्ञ आहेस, सामान्य माणसाला काय कळणार. तेवढ्यात शेजाऱ्यांची दहा वर्षांची मुलगी एक कप हुंगून म्हणाली, "याला आजीच्या कपाटाचा वास येतोय."

विषय संपला.

त्या मालातली छत्तीस पाकिटं बाहेर गेली होती. फोन मी केले, ती शिक्षा मी स्वतःलाच घेतली. माल खराब आहे, पिऊ नका, पैसे परत देतो. बहुतेकांनी म्हटलं, आम्हाला काही जाणवलं नाही. रावपुऱ्यातले एक वयस्क गृहस्थ मात्र म्हणाले, "मला वास आला होता. पण उगाच कशाला बोला. पुढच्या महिन्यापासून दुसरीकडून घेणार होतो." फौजेत चूक झाली तर कोणीतरी ओरडतं. धंद्यात माणूस नुसता यायचा थांबतो. पावणेदोनशे किलो चहा होता, चाळीस हजारांचा. मागच्या अंगणात खड्डा खणून मी तो पुरला. कुदळ मीच मारली.

फौजेत अधिकारी बदलतो तेव्हा हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. जाणारा लिहून देतो, येणारा तपासून सही करतो. मी एक पानी कागद टाइप केला. खरेदी, मिश्रण, दर आणि माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही हा शेवटचा शब्द, हे सगळं तिच्याकडे. माझ्याकडे साठा, वजन, पाकिटं, कुरिअर, हिशोब. तिनं वाचला, "कार्यपद्धती" हा शब्द एका ठिकाणी खोडला आणि सही केली. नंतर नोंदणीही तिच्या एकटीच्या नावावर केली. भिंतीवरचा तक्ता काढला. मदतनीस बायका आता सव्वानऊला येतात, मुलांना शाळेत सोडून. एकही पाकीट कमी निघत नाही.

ट्रंका आता दांडिया बाजारात मेव्हण्याच्या माळ्यावर आहेत. तो चहा पीत नाही, कॉफी पितो.

दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, दार्जिलिंगला बंद झाला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, एकशे चार दिवस. मळ्यांमधली तोड थांबली, सेकंड फ्लशची मोठी कमाई गेली. तिथल्या मजुरांचे काय हाल झाले असतील, त्यापुढे आमचं दुःख काहीच नाही. पण त्या वेळेपर्यंत दार्जिलिंगचे आमचे चाळीसेक गिऱ्हाईक झाले होते आणि काहींनी आगाऊ पैसे दिले होते. ऑगस्टमध्ये एका दलालाचा फोन आला, दार्जिलिंग आहे, हवा तेवढा. मी म्हटलं नमुना पाठवा, मॅडम घोट घेतील.

तिनं पाच मिनिटं घड्याळ लावलं, भुरका मारला, बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "चहा सुरेख आहे. नेपाळचा असणार, इलामकडचा." इलाम दार्जिलिंगला लागूनच आहे, सीमेपलीकडे. डोंगर तेच, झाडंही त्याच जातीची. पण दार्जिलिंग हे नाव भौगोलिक मानांकनाचं आहे, भारतात ते मिळालेला हा पहिला माल. मळे ठरलेले आहेत. शेजारच्या डोंगरावरचा चहा कितीही चांगला असला तरी तो दार्जिलिंग नव्हे. मी दलालाला स्पष्ट विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं. मी नको म्हणणार होतो. ही म्हणाली, "नको का? नेपाळचा म्हणून विकू." पाकिटावर तसंच छापलं, मागवणाऱ्या प्रत्येकाला आधी फोन केला. नऊ जणांनी पैसे परत घेतले. बाकीच्यांनी घेतला, त्यातले काही आजही इलामच मागतात.

पैशाचं सांगतो, कारण नंतर प्रश्न तोच येतो. पहिली दोन वर्षं तोटा. तिसऱ्या वर्षी हातातोंडाशी गाठ. २०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला, त्याबद्दल नव्यानं काय सांगायचं. आज महिन्याला अडीचशे किलोच्या आसपास जातो, खर्च वजा जाता किलोमागे ऐंशी-नव्वद रुपये सुटतात. गणित तुम्हीच करा. कोणी यातून बंगला बांधणार नाही. २०१९ मध्ये तिनं पहिल्यांदा स्वतःला पगार काढला, पंधरा हजार. चेक माझ्याकडे आणून दाखवला. मी विचारलं, याचं काय करणार? म्हणाली, "तुम्हाला कशाला सांगू?" अजूनही सांगितलेलं नाही.

ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनी मला नंतर भेटा, वजनकाटा, पाकिटं, कुरिअर, यातलं सगळं सांगीन. चवीचं काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा.

संयोजकांनी बाहेर चहा ठेवलाय. आम्ही आलो तेव्हाच हिनं एक घोट घेतला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, "पाणी जड आहे. आणि थर्मासमध्ये काल कॉफी होती."